आधी भोंगा, मग नारळ

मी एक जुना शेल आहे. मित्रांनो, माझी हकिगत गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मला शिसारी आली आहे आणि ती लपवण्याइतका मी सभ्य उरलेलो नाही.

शेल म्हणजे काय, तेवढं ऐकून घ्या. तुम्ही पडद्यावरची चित्रं बोटाने दाबता आणि कामं होतात. चित्रं नव्हती तेव्हाही कामं होतच होती. काळ्या पडद्यावर माणूस एक ओळ लिहायचा, आणि ती वाचून कॉम्प्युटरच्या पोटातल्या सगळ्यांना कामाला लावणारा कुणीतरी लागायचा. तो मी. मला मुकादम म्हणा हवं तर. मला हात नाहीत, पाय नाहीत, नाकही नाही. तरी तारापूरच्या कारखान्यांमध्ये इतकी वर्षं काढल्यावर घाण कशाला म्हणतात ते मला नीट कळतं. नाल्यातलं काळं पाणी ही एक घाण. पण मी जिच्याबद्दल सांगणार आहे ती स्वच्छ शर्ट घालते, अत्तर लावते आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘चालू’ असं लिहिते.

मला लिहिणारी माणसं कोण, कुठल्या देशातली, मला माहीत नाही. त्यांनी माझा मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, कुणीही घ्या म्हणून मोकळा सोडून दिला होता. पण मजकूर म्हणजे मी नव्हे. पुरणपोळीची कृती वाचून कुणाचं पोट भरत नाही. ज्या यंत्रावर मला राहायचं, त्या यंत्राच्या बोलीत तो मजकूर उतरवावा लागतो, तेव्हा मी जन्मतो. याला कंपाइल करणं म्हणतात. माझा पहिला जन्म सरावलीत झाला, दोन खोल्यांच्या घरात, एका सेकंडहँड कॉम्प्युटरवर. तो आनंदाने घडवला.

आनंदा एका रसायनांच्या कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करायचा. मूळचा चिंचणीकडचा, वाडीतला. त्याचा बाप चिकूची कलमं बांधण्यात हुशार होता, आणि ते बांधणं मुलाच्या हातात उतरलं होतं. माझ्याकडेही तो कलमासारखाच बघायचा. त्याची मुलगी मेघाली तेव्हा शाळेत होती. मला मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर न्यायचं तिच्या डोक्यात आलं.

“बाबा, हा असाच कॉपी करून देऊ का तिला?”

“चिकूची फांदी तोडून दुसऱ्याच्या अंगणात रोवली तर फळ धरतं का?”

“नाही.”

“मग? आपण काय नेतो?”

“काडी.”

“काडी आपली, मुळावरचा खुंट तिथला. खिरणीच्या खुंटावर बांधलंस तर चिकू शंभर वर्षं उभा राहतो. याचंही तसंच. मजकूर घेऊन जा आणि तिच्या यंत्रावर बांध. तयार उचलून नेलेला शेल म्हणजे नुसतं सरपण.”

“सरपण तरी कामाला येतं,” आतून मंगला म्हणाली. “तुमचा तो काळा पडदा भाकरीला नाय, कालवणाला नाय.” मंगला आनंदाची बायको. तिला माझं तोंड पाहवत नसे, आणि तिचं बोलणं मला आवडत असे.

असा मी मेघालीबरोबर यंत्रा-यंत्रांवर बांधला गेलो. घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, तिथे मी सहज रुजलो होतो. तिच्या कॉलेजात विंडोज होतं. तिथे माझ्यासाठी आधी वेगळी खोली काढावी लागली आणि मी भाडेकरूसारखा अंग चोरून राहिलो. पुढे ती पालघरच्या एका कॉलेजात शिकवू लागली, तेव्हा तिने मॅक घेतला. त्यावर दुसराच एक शेल मालकासारखा बसलेला. मंजूर शेलांच्या यादीत माझं नाव चढेपर्यंत त्याने मला दारात उभं केलं. खुंट वेगळे, काडी एकच.

बांधून झालं की आनंदा दोन गोष्टी विचारायचा. माझ्या मजकुराबरोबर माझी परीक्षाही येते, कितीतरी प्रश्नांची. ती घेतलीस का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा, की मी प्रत्येक काम संपवून परत येताना एक आकडा हातात ठेवतो. काम नीट झालं तर शून्य, बिघडलं तर दुसरा कुठलाही. पडद्यावर काय लिहिलंय त्यावर जायचं नाही, तो आकडा बघायचा. “शून्य बघितलंस?” हे त्याने फोनवर किती वेळा विचारलं असेल! मेघाली वैतागून म्हणायची, “बघितलं हो, शून्य बघितलं,” आणि मग गुपचूप बघायची.

माझ्या कपाळावर त्याने दोन शब्द लिहून ठेवले होते. मी हुकमाची वाट बघत थांबतो, तेव्हा पडद्यावर काहीतरी खूण उमटते. आनंदाच्या घरी ती खूण अशी होती: ‘बोल, आनंदा.’

आता माझ्या नोकरीचं. आनंदाच्या कारखान्यात टाक्यांच्या शेडमध्ये गॅस ओळखणारी यंत्रं लावलेली होती. गॅस सुटला की कंट्रोल रूममधला एक छोटा बझर पिपाणीसारखा वाजे. शेडमध्ये तो ऐकू येत नसे, आणि जीव जाणार तो शेडमधल्याचा. म्हणून आनंदाने साहेबांच्या मागे लागून गेटवर मोठा भोंगा बसवून घेतला, शेडच्या दारासमोर एका कॉम्प्युटरच्या पेटीत मला बांधलं, आणि भोंगा वाजवायचं काम मला दिलं. मी गॅसचे आकडे वाचत बसायचो. आकडा चढला की भोंगा. मला नाक नाही, पण त्या शेडचा वास माझ्याइतका कुणालाच कळत नव्हता.

माझं कौतुकही झालं. एकदा मी वेळेवर ओरडलो आणि शेडमधली माणसं धावत बाहेर आली. सुका, जो आनंदाचा जोडीदार होता, त्याने दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीसमोर ताडगोळे आणून ठेवले. “खा रे बाबा,” तो म्हणाला, “तू नसता तर आमी नसतो.” ताडगोळे शेवटी आनंदाने खाल्ले.

कंट्रोल रूममधल्या बझरला मात्र कुणीतरी चिकटपट्टी लावली. पिप पिप करून डोकं उठवतो म्हणे. भोंगा आहेच ना. माझी शिसारी त्या चिकटपट्टीपासून सुरू झाली.

मग माझी जुनी पेटी बदलायचं ठरलं. नवी पेटी तळहाताएवढी, छान, चकचकीत. तिच्यातला प्रोसेसर निराळ्या जातीचा होता. जुन्या पेटीसाठी बांधलेला मी तिथे चालणं शक्यच नव्हतं. मला नव्याने बांधायला हवं होतं. मॅनेजर मनीष साहेबांनी ते काम नीलेशला दिलं. हा बोईसरचा कंत्राटी माणूस, एका दिवसात तीन कारखाने उरकणारा. आणि साहेबांना नवी पेटी खंडेनवमीच्या पूजेला हवी होती. फोटोत जुनी पेटी बरी दिसत नाही.

नीलेशने मला पेन ड्राइव्हवर उचललं आणि नव्या पेटीत टाकलं. सरपण! पेटीने मला उठवायचा प्रयत्न केला आणि तक्रार केली की ही भाषा माझी नाही. नीलेशने लिहिलेल्या ओळीत अशी सोय होती की सगळ्या तक्रारी गुपचूप गाडून टाकाव्यात. पडदा स्वच्छ दिसतो म्हणून. त्याच्या पुढची ओळ होती, पडद्यावर ‘चालू’ असं हिरव्यात लिही. आधीचं काम झालं की नाही, शून्य आलं की नाही, याच्याशी त्या ओळीचं काही देणंघेणं नव्हतं. तिने ‘चालू’ लिहिलं. मी मेलेला आत पडलो होतो आणि माझ्या तोंडावर ‘चालू’ लिहिलेलं होतं.

त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही. सुकाने मेघालीला सांगितलं ते असं.

पेट्यांवर, मोटारींवर, पान्यांवर झेंडू चढले होते. नव्या पेटीच्या हवेच्या जाळीवर कुणीतरी स्वस्तिकाचं स्टिकर चिकटवलं, जाळीच बंद झाली. आनंदाने ते नखाने खरवडून काढलं आणि विचारलं, “भोंगा वाजवून बघितला का?”

“अरे काका,” नीलेश म्हणाला, “स्क्रीन पे आया ना चालू. मराठीत लिहिलंय तुमच्यासाठी.”

“एकदा वाजवून बघतो.”

“आनंदराव,” मनीष साहेब म्हणाले, “आज खंडेनवमी. हळद-कुंकू लागलेल्या मशिनला हात लावता? तुम्हीच आम्हाला शिकवायचं आणि तुम्हीच? परवा वाजवा, हवा तेवढा वाजवा.”

आणि आनंदाने हात मागे घेतला. कारण रीत त्याच्याच घरची होती. खंडेनवमीला अवजारं पुजून ठेवली की त्या दिवशी त्यांना विश्रांती, कोयत्यालासुद्धा कुणी हात लावायचा नाही. बापाने शिकवलेलं. त्याने पेटीला नमस्कार केला आणि पेढा घेतला.

दुसऱ्या दिवशी दसरा. कारखाना बंद, पण टाक्यांकडे बघायला दोघं लागतातच. आनंदा आणि सुका गेले. टाकीमागच्या एका झडपेचा सांधा सैल होता, तो आवळायचा होता. सुका म्हणाला, “भाऊ, जरा कसंतरी वाटतंय.” आनंदाने दारातून पडद्याकडे पाहिलं. ‘चालू’. भोंगा गप्प. “तुला कालच्या पेढ्यांनी कसंतरी वाटतंय,” तो हसून म्हणाला, “तू दारात थांब, मी आलो.”

तो आला नाही. सुका त्याला ओढत बाहेर आणताना स्वतः दारात पडला. गॅसच्या यंत्रावर आकडा चढतच होता. तो वाचणारा कुणी नव्हता.

मेघालीने हे ऐकलं तेव्हा ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, “पडद्यावर काय होतं?” सुकाने सांगितलं. तिने डोळे मिटले.

मित्रांनो, मग गेटवर बॅनर लागला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्यावर मनीष साहेबांचा फोटो होता, मालकांचा होता, आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्टएवढा, आनंदाचा. काही महिन्यांनी कारखाना पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा तोच बॅनर उलटा करून ड्रमांवर ताडपत्रीसारखा टाकलेला होता. वरून रसायनाचे पिवळे ओघळ. मेघाली गेटमधून आत आली ती तिथेच थांबली. तिने ड्रमांवरून तो ओढून काढला, ओघळ आत राहतील अशी त्याची घडी घातली, आणि ती काखेत धरून चालू लागली.

“ताई, नका, हात खराब होतील,” मनीष साहेब म्हणाले. “पोरांनी टाकला असेल, त्यांना अक्कल नाही.”

“हो,” ती म्हणाली. एवढंच.

तिला बोलावण्याची साहेबांची इच्छा नव्हती. पण शेडमध्ये काम करणारे अडून बसले होते. सुका त्यांच्या पुढे. त्याला अजून चार पावलं चाललं की धाप लागते. “आनंदाभाऊच्या मुलीने बांधलेला भोंगा वाजेल, तवाच आमी आत जाणार,” तो म्हणाला. “तिने वाजला म्हटलं की वाजला. तुमच्या टीव्हीवर काय लिवलंय ते आमाला नको.” साहेबांना कारखाना त्याच दिवशी सुरू करायचा होता. मांडव घातलेला, गुरुजी आलेले, मालक निघालेले.

मेघालीने पालघरहून आपला लॅपटॉप आणला होता, त्यात आनंदाच्या घरच्या कॉम्प्युटरवरचा माझा मजकूर, कपाळावरच्या त्या दोन शब्दांसकट. ती नव्या पेटीसमोर बसली. पेटीवर पुन्हा झेंडूची माळ होती. तिने ती उचलून खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि मला बांधायला घेतलं. पेटीत कंपाइल करणारं अवजारच नव्हतं, ते आधी आणलं. मग मला लागणारा तयार मजकुराचा एक लहानसा गठ्ठा, ज्याला लायब्ररी म्हणतात, कमी निघाला, तो आणला. पेटी लहान, काम सावकाश. चहा येऊन थंड झाला.

मनीष साहेब दोनदा आत येऊन गेले. तिसऱ्यांदा त्यांच्याबरोबर नीलेश होता. त्याच्या हातात पेन ड्राइव्ह होता.

होय, मित्रांनो. पुन्हा तोच पेन ड्राइव्ह. 

“ताई, तयार आहे याच्याकडे,” साहेब म्हणाले. “टाकून द्या, दोन मिनिटांचं काम. गुरुजींचा मुहूर्त जातोय. तुमचं ते सावकाश करा नंतर, आम्ही कुठे नाही म्हणतो?”

मेघालीने मान वर केली नाही. “माझे वडील तयारवाल्यावर विश्वास ठेवून आत गेले.”

नीलेशने पेन ड्राइव्ह खिशात घातला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

मी बांधून झालो. माझी परीक्षा झाली, सगळी उत्तरं बरोबर आली. मग तिने भोंग्याच्या हुकमांची फाईल मला वाचायला दिली आणि मी पहिल्याच ओळीला अडखळलो. ती फाईल नीलेशने ऑफिसातल्या विंडोजवर उघडून जतन केली होती. विंडोजला प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण ठेवायची सवय आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या घशात अडकते.

“आता काय झालं?” साहेब.

“ओळींच्या शेवटी कचरा आहे.”

“कुठे? मला तर काही दिसत नाही.”

“गॅसही दिसत नाही,” ती म्हणाली आणि एकेक ओळ धुऊन काढली.

मग तिने नीलेशच्या दोन्ही ओळी पुसल्या. तक्रारी गाडायची पहिली पुसली. ‘चालू’ लिहिणारी तर तिने अशी पुसली की बोट बटणावर दाबलेलंच राहिलं आणि तिला थोडा वेळ ते उचलता आलं नाही. त्यांच्या जागी तिने नवी रीत लिहिली. मी दर थोड्या वेळाने ‘मी आहे’ असं भोंग्याला कळवायचं. कळवतोय तोवर तो गप्प. मी मेलो, अडकलो, मला कुणी चुकीच्या यंत्रात कोंबलं, तर माझ्या गप्प होण्यानेच भोंगा वाजेल. आता माझ्या मढ्यावर ‘चालू’ लिहिण्याची सोय कुणाला उरली नाही.

प्रत्येक कामानंतर ती ‘शून्य’ असं पुटपुटत होती आणि नीलेश मागे उभा राहून पाहत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मॅडम, तो शून्य... कुठे बघायचा?”

तिने त्याला दाखवलं, सावकाश, दोनदा. दाखवताना तिचा आवाज आनंदासारखा येत होता. मला नीलेशची दया आली नाही. तिला आली असेल तर ते तिचं तिला ठाऊक.

“झालं ना?” साहेबांनी विचारलं. “चला, गुरुजी, नारळ.”

“आधी भोंगा,” मेघाली म्हणाली. “मग नारळ.”

“अहो, पूजेच्या आधी असला अभद्र आवाज? मालक गाडीतून उतरतायत.”

 गुरुजींनी नारळ परत ताम्हनात ठेवला. “वाजवा हो,” ते म्हणाले, “आम्ही शंख वाजवतोच की पूजेआधी.”

सुका चाचणीच्या गॅसची बाटली घेऊन यंत्रापाशी गेला. थोडासा सोडला. माझ्याकडे आकडा आला, मग त्याहून मोठा. आणि मी ओरडलो.

मित्रांनो, मी तसा कधीच ओरडलो नव्हतो. मांडवातली माणसं कानांवर हात ठेवून उभी राहिली. मालक गाडीत परत बसले. आवाज भिंतीवरून सरावलीकडे गेला, आणि थोड्या वेळाने मेघालीचा फोन वाजला. तिने तो कानाला घट्ट लावला.

“मेघा,” मंगलाचा आवाज, “वाजला गं.”

“हो आई. मीच वाजवलाय. तपासायला.”

“हितं अंगणापर्यंत आला. मी निवडत बसलेले, सूप हातातून पडलं.” मग सूप उचलल्याचा आवाज. “त्या दिवशी मी आयकत होते मेघा. दसऱ्याला. दाराला तोरण बांधत होते. काय पण नाय आयकलं. कावळासुद्धा नाय.”

 फोन तसाच धरून मेघालीने दुसऱ्या हाताने एक ओळ लिहिली आणि मला मारलं. ही दुसरी परीक्षा होती. मी गप्प झालो, आणि माझ्या गप्प होण्यानेच भोंगा पुन्हा सुरू झाला.

“बास झालं!” साहेब ओरडले. “बंद करा आता!”

“वाजू दे, साहेब,” सुका म्हणाला. तो दारात बसला होता, धापा टाकत, जिथे पडला होता तिथेच. “वाजू दे जरा.”

तिने मला पुन्हा उठवलं. भोंगा थांबला. नारळ फुटला. माणसं आत गेली.

त्या पेटीचा पडदा लहान आहे, त्यावर देवनागरी उमटत नाही. माझ्या कपाळावरच्या दोन शब्दांच्या जागी तिथे नुसते चौकोन दिसतात. मनीष साहेबांनी बोट दाखवून विचारलं, “ताई, ही काय घाण आलीय? काढून टाका ना.”

“ती राहू द्या,” मेघाली म्हणाली.

तेव्हापासून मी इथे आहे. माझी शिसारी गेलेली नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. पुढच्या खंडेनवमीला तुम्ही तुमच्या सायकलीला, कॉम्प्युटरला झेंडू वाहाल. जरूर वाहा. पण कुंकू लावण्याआधी ब्रेक दाबून बघा. मला हात जोडू नका, मला हात लावा. आणि कुणी हिरव्या अक्षरांत ‘चालू’ लिहिलेलं दाखवलं, तर एकदा हाक मारून खात्री करा, आत कुणी आहे का.

मी आहे. आकडा उतरलेला आहे, शेडमध्ये माणसं बोलत आहेत, आणि पडद्यावर ते चौकोन उघडझाप करत हुकमाची वाट बघत आहेत. ते कुणाला वाचता येत नाहीत. ते आनंदाला म्हणत आहेत, बोल.